चाक फिरतं राहिलं पाहिजे

भरधाव गाडीत ब्रेकवर जोरात पाय पडला की चाकं जाम होतात, आणि जाम झालेलं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या घाटरस्त्यावर हे फार लवकर घडतं. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आहे त्याच दिशेनं घसरत जाते. वळायचं तर चाक फिरतं हवं. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी अँटिलॉक ब्रेक यंत्रणा, तेवढंच सांभाळते.

ही युक्ती आधी विमानांत आली. १९५०च्या दशकात डनलॉपची 'मॅक्सारेट' यंत्रणा विमानांवर होती. १९७८ साली बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसली. आपल्याकडे २०१८-१९मध्ये मोटारींना ती टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली.

चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग सतत मोजत असतो. एखादं चाक अचानक मंदावून जाम व्हायला आलं, की संगणक त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलची वाट झडपेनं बंद करतो. तरीही भागलं नाही तर दुसरी झडप उघडून दाब उतरवतो. चाकानं पुन्हा पकड घेतली की दाब परत वाढतो. सेकंदात अनेकदा हे चालतं. सोडलेलं ऑइल पंप मागे ढकलतो, म्हणून पेडल पायाखाली थरथरतं आणि खरखर ऐकू येते. काही बिघडलं असं वाटून अनेकजण नेमका इथेच पाय उचलतात. तसं मुळीच करू नका. पेडल दाबून धरा आणि गाडी मोकळ्या जागेकडे वळवा. सुट्या खडीवर मात्र एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं, हे ध्यानात असू द्या.

डॅशबोर्डवरचा पिवळा एबीएसचा दिवा जळत राहिला, तर साधा ब्रेक बहुधा लागतो, पण चाकं जाम होण्यापासून संरक्षण उरत नाही. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी बाजूला घ्या आणि पुढे चालवू नका. पिवळ्या दिव्यामागे पुष्कळदा चिखलानं माखलेला सेन्सर किंवा तुटलेली वायर असते. स्कॅनर लावून नेमकं चाक कळतं. आधीच झडपा आणि पंप असलेलं महागडं मॉड्युलेटर बदलायला तयार होऊ नका.

सर्वांत जास्त हेळसांड होते ब्रेक ऑइलची. ते हवेतली ओल शोषतं. कोऱ्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर ब्रेक तापले की अशा ऑइलची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. शिवाय आतल्या बारीक झडपा गंजतात. साधारण दोन वर्षांनी ते बदलायला हवं. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल, तर या पावसाळ्याआधीच बदलून घ्या.