चिठ्ठीची पोच केव्हा द्यावी?

समजा, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका आमरसाच्या कारखान्याला मुंबईच्या कचेरीकडून संगणकावर मागण्या येतात. पावसाळ्यात कारखान्याची वीज गेली, तर त्या वेळी पाठवलेल्या मागणीचे काय? दोन संगणक थेट बोलत असतील, तर टेलिफोनप्रमाणे दोन्ही टोके एकाच वेळी जागी लागतात. पत्राचे तसे नसते. ते टपाल कचेरीत थांबू शकते.

संगणकांमधली ही टपाल कचेरी म्हणजे संदेश-मध्यस्थ. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘इन्फर्मेशन बस’ ही संदेशप्रणाली उभी केली. शेअर व्यवहारांची माहिती ती हव्या त्या संगणकांना पोचवी. १९९७ मध्ये त्यांनी ‘टिबको’ कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ‘जावा मेसेज सर्व्हिस’ हे सामाईक नियम दिले. त्यामुळे मध्यस्थ कोणत्याही कंपनीचा असला, तरी जावा प्रोग्रॅम बहुतांशी तोच चालतो.

मांडणी सोपी आहे. मध्यस्थ तिसऱ्या संगणकावर चालू करून त्यात ‘मागण्या’ नावाची रांग तयार करायची. मुंबईचा प्रोग्रॅम तीत संदेश टाकतो, मिरजोळ्याचा उचलतो. संदेश ‘टिकाऊ’ ठरवल्यास मध्यस्थ तो डिस्कवर लिहून ठेवतो आणि पोच मिळाल्यावरच काढून टाकतो.

खरी मेख पोचेतच आहे. जावाच्या ‘आपोआप पोच’ पद्धतीत ‘रिसीव्ह’ आज्ञेने संदेश घेतला, की तो हाती येताच पोच जाते. मागणी नोंदण्याआधी वीज गेली, तर ती कायमची हरवते. म्हणून आपण आधी नोंद करून मग पोच देऊ. पण या दोहोंच्या मध्येच वीज गेली, तर? मध्यस्थ तोच संदेश पुन्हा देईल आणि माल दोनदा रवाना होईल!

यातली दुसरी चूक टाळता येते. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यायचा आणि तो मागणीबरोबरच नोंदायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर फक्त पोच द्यायची. हरवलेली चिठ्ठी सापडत नाही, दुबार चिठ्ठी मात्र ओळखता येते.

वर्गात हे करून पाहा. एक विद्यार्थी चिठ्ठ्या लिहील, दुसरा पेटी सांभाळील, तिसरा चिठ्ठ्या वहीत उतरवील. तिसऱ्याला अधूनमधून बाहेर पाठवा. आधी क्रमांकाविना, मग क्रमांकासह. शेवटी विचारा: पेटीवालाच बाहेर गेला, तर काय करायचे?