सही करण्यापूर्वी
गोव्यातील माजोर्डे गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताची मनोभावे सेवा केली आणि शिष्यही घडविले. तथापि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील, त्यांचे शिष्य प्यारेलाल व लक्ष्मीकांत यांनी संगीत दिलेल्या एका गाण्यामुळे. पडद्यामागील इतर कित्येक वादक मात्र अनामच राहिले.

म्हणून आमच्या तरुण गीतकार-संगीतकारांस आम्ही विनवितो की, साधनेइतकाच कागदही जपावा. चाल सुचताच ती स्वरलिपीत उतरवून खाली दिनांक घालावा. हक्क देणे ते लेखी कराराने व सही करूनच द्यावेत. करारात मुदत नमूद नसेल तर कायद्याने ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरताच. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटात घेतलेले गीत चित्रपटगृहाबाहेर वापरले गेल्यास, त्याच्या रॉयल्टीत गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा असतो. तो कोणत्याही निर्मात्यास लिहून देता येत नाही.

कला ही देणगी खरी. परंतु तिच्यावर घरची चूलही पेटावयाची असते. श्रमाचे मोल मागण्यात लोभ नाही आणि लाज तर मुळीच नाही.