बंद बटनाचा भरवसा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा दूरध्वनी आला, तो नानकटाईच्या निमित्ताने. आमच्या लहानपणी तूप, पिठीसाखर आणि मैदा घरी फेसून, तो ऐवज पितळी डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर पोचता करणे आणि सायंकाळी भाजलेली नानकटाई मोजून घरी आणणे, असा रिवाज होता. आता तिच्या ओट्यावर विजेची लहान भट्टी आहे, जिला बाजारात ‘ओटीजी’ म्हणतात, आणि त्या दिवशी तिच्या तळाचे दोन्ही रॉड तांबडे होईनासे झाले होते. शेजारणीने नवीच भट्टी घेण्याची शिफारस केली होती, ती न मानता जावईबुवा पेचकस घेऊन पाठीचे झाकण उघडायला बसले होते, आणि प्लग मात्र भिंतीतल्या सॉकेटमध्ये जसाच्या तसा होता. तो आधी काढा, असे मी म्हटले तेव्हा पलीकडून निश्चिंत स्वरात उत्तर आले : “भाऊ, बटन बंद हाये ना, मंग करंट कुठून येईन?”

हे वाक्य मी अमरावतीला राजापेठेत ऐकले आहे, बडनेऱ्यात ऐकले आहे, अकोल्यात तर घरच्याच माणसांच्या तोंडून ऐकले आहे. आणि ते उच्चारणारी माणसे अडाणी असतात असेही नाही, त्यांत शिक्षक असतात, बँकेतले अधिकारी असतात, विज्ञानाचे पदवीधर असतात. दर वेळी मला तितकाच संताप येतो, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्या भारतीयांची संख्या अलीकडच्या वर्षांत सातत्याने दहा हजारांच्या वर नोंदलेली आहे. भट्टीचा जळलेला रॉड घरच्या घरी बदलणे हे धोक्याचे काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांची भीती आणि बंद बटनावर विसंबून जे झाकण उघडतात त्यांचा विश्वास, या दोन्ही गोष्टी चुकीच्या जागी ठेवलेल्या आहेत. झाकण भिण्याजोगे नाही. बंद बटन भिण्याजोगे आहे.

बटन करते काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. आपल्या घरात सॉकेटपर्यंत तीन तारा येतात, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. भिंतीवरचे साधे बटन यांपैकी फक्त एकीचा मार्ग तोडते. ती तोडली जाणारी तार फेजचीच असावी असा दंडक आहे, आणि सॉकेटकडे तोंड करून पाहिले असता वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे व डावे न्यूट्रलचे असावे असाही दंडक आहे. परंतु ‘असावे’ आणि ‘असते’ यांच्यामध्ये आपली घरे उभी आहेत. ज्या वाड्यात आजोबांच्या काळी लाकडी पट्टीवरून तारा फिरवल्या गेल्या, वडिलांच्या काळी त्यांना दोन फाटे फुटले, आणि मुलाने कूलरसाठी, पुढे गीझरसाठी आणखी दोन बोर्ड वाढवून घेतले, त्या वाड्यात एखाद्या ठिकाणी बटन न्यूट्रलवर बसलेले असणे अगदी संभवनीय आहे. वाईट असे की या चुकीचा सुगावा रोजच्या वापरात कोणालाही लागत नाही. दिवा तसाच लागतो, तसाच विझतो, भट्टी तशीच तापते, तशीच निवते. वर्तुळ कुठूनही तोडले तरी प्रवाह थांबतोच. पण न्यूट्रलच्या बाजूने तोडलेल्या वर्तुळात फेज सॉकेटमधून, वायरीतून, भट्टीच्या रॉडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २३० व्होल्टच्या पूर्ण दाबाने येऊन उभी असते, आणि बाहेर पडण्यासाठी तिला एकाच वाटेची उणीव असते. फरशीवर अनवाणी बसलेल्या माणसाचा हात ती उणीव भरून काढतो. अशा वेळी रॉडच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला तर दोन्हीकडे तो पेटतो, आणि “दोन्हीकडून लाईन येऊन राह्यली” म्हणून घरात गोंधळ उडतो. ती दोन्हीकडून आलेली नसते, एकीकडून येऊन परतीचा रस्ता न मिळाल्यामुळे सर्वत्र थांबलेली असते.

भट्टीच्या स्वतःच्या कळांविषयीही हाच भ्रम आहे. वेळेची कळ शून्यावर आणि उष्णतेची कळ किमान खुणेवर आणली की आतले सारे निर्जीव झाले, असे मानले जाते. या कळाही एकच तार तोडतात. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असेल आणि भिंतीवरचे बटन चालू राहिले असेल, तर कळ शून्यावर असूनही रॉडवर फेज हजर असते. तांबडा दिवा विझलेला आहे, रॉड थंड आहे, हाताला ऊब लागत नाही, यांतले एकही लक्षण विजेच्या अभावाचा दाखला नव्हे.

वऱ्हाडात या भ्रमाला आणखी एक शाखा फुटली आहे. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी उन्हाळे काढले त्यांना अजूनही ‘लाईन गेली’ की विजेची किरकोळ कामे उरकून घेण्याची सवय आहे, कारण वीजच नाही म्हणजे धोकाही नाही. जिल्ह्यातल्या पारसला ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, म्हणून आमच्याकडे लाईन जास्त वेळ जात नाही, असा युक्तिवादही मी अकोल्यात ऐकला आहे. केंद्रात निर्माण होणारी वीज पारेषणाच्या सामाईक जाळ्यात जाते आणि आपल्या गल्लीतली तार तुटली तर शेजारचे केंद्र काहीही करू शकत नाही, हे तर झालेच, पण मुद्दा असा की गेलेली लाईन पूर्वसूचना देऊन परत येत नाही. शिवाय आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि स्वयंपाकघरातला कोणता सॉकेट त्यावर जोडला गेला आहे हे घरमालकाला बहुधा ठाऊक नसते.

टेस्टर पेटला नाही म्हणजे खातरजमा झाली, असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगतो की तो तुमच्याच शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो. तुम्ही कोरड्या लाकडी पाटावर असाल, किंवा दुपारच्या उन्हाचा झोत ओट्यावर पडलेला असेल, तर त्याची मंद ज्योत दिसणारही नाही. टेस्टर ‘आहे’ असे म्हणाला तर ते खरे मानावे, ‘नाही’ म्हणाला तर मानू नये. आणि एमसीबी? १६ अँपिअरची एमसीबी तारा जळू नयेत म्हणून बसवलेली असते. ओल्या हाताच्या माणसाच्या देहाचा विरोध एक हजार ओहम धरला तर २३० व्होल्टखाली त्यातून सुमारे पाव अँपिअर वाहतो, जो प्राण घेण्यास पुरेसा आहे आणि त्या एमसीबीच्या मर्यादेच्या साठाव्या हिश्श्याइतकाही नाही. तिला त्या दुर्घटनेची वार्ताच लागत नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी, जी ०.०३ अँपिअरच्या गळतीवर मार्ग तोडते, आणि ती पुष्कळ घरांत नाही.

म्हणून उपाय एकच, आणि तो इतका सोपा आहे की त्याबद्दल वाद घालावा लागतो याचे मला दुःख होते : प्लग भिंतीतून ओढून काढावा आणि काम संपेपर्यंत तो आपल्या डोळ्यांसमोर, ओट्यावर ठेवावा. प्लग बाहेर आला की फेजही बाहेर राहिली, न्यूट्रलही बाहेर राहिली. कोणत्या मिस्त्रीने कोणत्या साली कोणती तार कुठे जोडली याचा आपल्या जिवाशी संबंध उरला नाही. साध्या रॉडच्या भट्टीत वीज साठवून ठेवणारा कोणताही भाग नसतो, त्यामुळे प्लग काढून तासभर थंड होऊ दिलेली भट्टी ही पत्र्याची पेटी आहे, अधिक काही नाही. मात्र येथे एक अपवाद ठळकपणे नोंदवला पाहिजे, कारण आपल्याकडे दोन्ही वस्तूंना ‘ओव्हन’च म्हणतात. मायक्रोवेव्हच्या आत एक कपॅसिटर असतो, त्यावर दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब येतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. मायक्रोवेव्हचे झाकण घरी उघडू नये, कधीही नाही. या लेखातली कोणतीही मुभा त्याला लागू नाही.

आता त्या पेटीत काय आहे ते पाहू, म्हणजे भट्टी फेकून देण्याचा सल्ला किती अविचाराचा आहे हे कळेल. रॉड म्हणजे धातूची नळी, तिच्या मध्यभागी नायक्रोमच्या तारेचे वेटोळे, आणि दोहोंमध्ये ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साईडची पूड, जी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. निकेल चार भाग आणि क्रोमियम एक भाग अशा या मिश्रधातूचे एकस्व अल्बर्ट मार्श याला १९०६ साली मिळाले. त्याआधी तापून लाल होणारी साधी तार हवेत फार काळ टिकत नसे. नायक्रोमवर तापताना क्रोमियमच्या ऑक्साईडचा पापुद्रा धरतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. परंतु तापणे-निवणे, प्रसरण-आकुंचन हा क्रम वर्षानुवर्षे चालला की तो पापुद्रा कुठेतरी भेगाळतो, तेथे तार बारीक होते, बारीक झालेली जागा अधिक तापते आणि एके दिवशी तुटते. दाब वाढल्यानेच रॉड जळतो, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. २३०ऐवजी २६० व्होल्ट आले तर रॉडची शक्ती सव्वापटीहून अधिक होते आणि त्याचे आयुष्य घटते हे खरे, पण दाब स्थिर असतानाही रॉड म्हातारा होतोच.

बहिणीच्या भट्टीचे तळाचे दोन्ही रॉड एकदम गेले, असे सर्वांना वाटले होते. वस्तुतः पुष्कळ ओटीजींत खालचे दोन रॉड एकापुढे एक जोडलेले असतात, पलीकडच्या टोकांना एका पट्टीने बांधून. त्यामुळे एक तुटला की निरोगी जोडीदारही थंड पडतो. कोणता तुटला हे डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी मल्टिमीटरच हवा. जोडीची एकूण शक्ती ६०० वॅट असेल तर प्रत्येक रॉडचा विरोध सुमारे ४४ ओहम येतो, आणि तुटलेला काहीच दाखवत नाही. येथेच दुसरी चूक होते : ग्राहक दुकानात जाऊन ‘तीनशे वॅटचा रॉड’ मागतो, दुकानदार २३० व्होल्टसाठी बनवलेला, १७६ ओहमचा रॉड देतो, आणि जोडीत तो बसवला की एकूण शक्ती ६००वरून २४०वर उतरते. मग माल नकली निघाला म्हणून तक्रार. जुना रॉडच दुकानात न्यावा, लांबी, टोकाचा आटा आणि निरोगी जोडीदाराचा विरोध, तिन्ही जुळवावेत.

उरलेले समज थोडक्यात निकालात काढता येतील. शेगडीची कॉईल तुटली की तिला पीळ देऊन जोडायची जुनी सवय भट्टीला लागू पडत नाही, कारण बंद नळीतली तार जोडता येत नाही. आणि शेगडीतही त्या जोडावर ठिणग्या पडून कॉईल तेथेच पुन्हा तुटते. जास्त वॅटचा रॉड लावल्याने भाजणी सुधारत नाही, थर्मोस्टॅटचे संपर्क आणि आतल्या तारा मात्र जळतात. अर्थिंगची पिन काढून दोन पिनांवर भट्टी चालवणे म्हणजे पत्र्याच्या पेटीला स्वतःच्या हाताने प्राणघातक करणे होय. आणि २००० वॅटची भट्टी, जी सुमारे पावणेनऊ अँपिअर घेते, ती ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर चालते ती चालेपर्यंतच.

परवाना नसलेल्याने हात लावणे बेकायदा आहे, असाही धाक घातला जातो. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतल्या ४५व्या नियमाने वीजमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडे सोपवले होते खरे, पण त्याच नियमात दिवे, पंखे, फ्यूज, बटने आणि कमी दाबाची घरगुती उपकरणे बदलण्याला, मांडणीची क्षमता व स्वरूप बदलत नसेल तर, स्पष्ट सूट होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांनीही ती कायम ठेवली. प्लगवर चालणाऱ्या भट्टीचा रॉड तितक्याच शक्तीच्या रॉडने बदलताना घराच्या मांडणीला हातही लागत नाही. याउलट सॉकेटमधली फेज उलट निघाली तर ती सुलट करणे हे मांडणीचे काम आहे, आणि ते परवानाधारक तारतंत्र्यालाच बोलावून करून घ्यावे.

जावईबुवांनी अखेर प्लग काढला आणि काम मी दूरध्वनीवरूनच सांगत गेलो. उघडण्यापूर्वी तारांचे छायाचित्र. रॉडच्या टोकाला दोन नट असतात. बाहेरचा फिरवताना आतला पकडीने घट्ट धरावा, नाहीतर टोकाची सळई पिळली जाऊन चिनीमातीचा मणी तडकतो. तारेचा लग काळा पडला असेल तर तो नवा घालावा, कारण सैल जोड हीच पुढच्या जळण्याची सुरुवात असते. तार बदलावी लागली तर काचतंतूच्या वेष्टनाचीच घ्यावी. घरातल्या फिटिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतच टिकते. झाकण लावण्याआधी मल्टिमीटरने नव्या रॉडचे टोक आणि पत्रा यांच्यामध्ये काहीच जोड नाही हे पाहावे, झाकणाचे सर्व स्क्रू लावावेत, आणि मगच प्लग सॉकेटमध्ये जाऊ द्यावा. पाऊण तासात काम झाले. त्यानंतर दहा मिनिटांनी बहिणीचा पुन्हा दूरध्वनी आला, घाबरलेला : भट्टीतून धूर येतो आहे, वासही येतो आहे, बंद करू का? नव्या रॉडच्या नळीवर कारखान्यातले तेल असते, पहिल्या तापण्यात ते जळते. खिडकी उघड, भट्टी रिकामीच वीस मिनिटे तापू दे, आणि पीठ तोवर झाकून ठेव, असे मी तिला सांगितले.