दारावरची फुली

घराच्या दारावर रंगाच्या फवाऱ्यानं एक मोठी फुली मारलेली आहे. फुलीमुळे चार खण पडतात. वरच्या खणात तारीख. डावीकडे शोधपथकाची खूण. उजवीकडे, घरात गॅसगळतीसारखा काही धोका असेल तर त्याची नोंद. आणि खालच्या खणात एक आकडा. बहुतेक दारांवर हा आकडा शून्य असे. जिथे एक किंवा दोन लिहिलेलं असे, तिथे घरात तेवढी माणसं सापडलेली असत, आणि बऱ्याचदा ती जिवंत नसत.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात सप्टेंबर २००५ मध्ये अशा हजारो फुल्या दिसत होत्या. कॅटरिना नावाचं चक्रीवादळ २९ ऑगस्टला लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलं. बळींचा आकडा बरीच वर्षं १,८३३ सांगितला जाई. २०२३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रानं फेरतपासणी करून तो १,३९२ केला. नुकसान सुमारे १२५ अब्ज डॉलरचं. पण आज मला वादळाविषयी फारसं बोलायचं नाही. वादळानंतर लोकांना जो राग आला आणि लोकांनीच जे काम केलं, त्या दोन गोष्टींविषयी बोलायचं आहे.

राग का आला, हे समजण्यासाठी आधी शहराची ठेवण पाहू. एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन सरोवर आणि मध्ये वाटीसारखं खोलगट शहर. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली. पाणी बाहेर ठेवण्यासाठी मातीचे बांध आणि कालव्यांच्या काठानं काँक्रीटच्या भिंती. वादळाचा सर्वांत जोरदार मारा शहराच्या पूर्वेला मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर झाला. न्यू ऑर्लिन्स थोडक्यात वाचलं, असं सकाळी काही जणांना वाटलंही. पण बांध आणि भिंती पन्नासहून अधिक ठिकाणी फुटल्या आणि शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पुढे चौकशीत निघालं, की काही कालव्यांच्या भिंतींवरून पाणी वाहिलंच नव्हतं. पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच त्या पायातून सरकल्या होत्या. खालची माती कमकुवत होती आणि आराखड्यात तिचा हिशेब चुकला होता. म्हणजे वादळ निसर्गाचं होतं, पण शहर बुडालं ते माणसाच्या हातच्या कामामुळे.

बरं, हे अनपेक्षित होतं का? जुलै २००४ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, सरकारी यंत्रणांनी 'पॅम' नावाचं एक काल्पनिक वादळ कागदावर आणून न्यू ऑर्लिन्स बुडाल्यावर काय करायचं याची तालीम केली होती. प्रश्न ठाऊक होता, उत्तरं मात्र अर्धवट राहिली.

महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला तो २८ ऑगस्टला, वादळाच्या आदल्या दिवशी. बहुतेक लोक आपापल्या गाड्या काढून निघून गेले. पण ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांनी काय करायचं? अशांची संख्या लाखाच्या घरात होती. त्यातून महिनाअखेर. सरकारी मदतीचे धनादेश एक तारखेला यायचे, खिशात पेट्रोलपुरते किंवा लॉजपुरते पैसे नाहीत. कुणाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. कुणाचा जीव कुत्र्यामांजरांत अडकलेला, आणि आश्रयस्थानांत जनावरांना मज्जाव. मागे राहिलेल्यांत बहुसंख्य गरीब होते, आणि त्यातही काळे.

हे लोक सुपरडोम या क्रीडागृहात आणि शहराच्या अधिवेशन केंद्रात जमले. दोन्हीकडे हजारोंची गर्दी. वीज नाही, पाणी नाही, संडास तुंबलेले, वर ऑगस्टचा उकाडा. टीव्हीचे कॅमेरे तिथे पोचले, पण पाण्याचे ट्रक दिवसेंदिवस पोचले नाहीत. संकटनिवारण संस्थेचे प्रमुख मायकेल ब्राऊन यांनी १ सप्टेंबरला मुलाखतीत सांगितलं, की अधिवेशन केंद्रातल्या लोकांविषयी आपल्याला आजच कळलं. जे घरोघरी टीव्हीवर दिसत होतं, ते प्रमुखांना ठाऊक नव्हतं! दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बुश यांनी जाहीरपणे त्यांची पाठ थोपटली. दहा दिवसांनी ब्राऊन यांना राजीनामा द्यावा लागला. मदतनिधीच्या एका थेट कार्यक्रमात कान्ये वेस्ट या गायकानं लिहून दिलेला मजकूर बाजूला ठेवला आणि बुश यांना काळ्या माणसांची पर्वा नाही, असं तोंडावर बोलून टाकलं. अनेकांच्या मनातलं ते ओठावर आलं होतं.

संशयानंही जीव घेतले. सुपरडोममध्ये खून-बलात्कारांचं थैमान चालल्याच्या बातम्या पसरल्या. त्यातल्या बहुतेक नंतर खोट्या किंवा फुगवलेल्या निघाल्या. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पुलावरून चालत पलीकडच्या उपनगरात जाऊ पाहणाऱ्या लोकांना पोलिसांनी बंदुका दाखवून परत पाठवलं. डँझिगर पुलावर ४ सप्टेंबरला पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, दोघं मेले.

आता दुसरी बाजू. तटरक्षक दलानं ३३ हजारांहून अधिक लोकांना वाचवलं, हे सरकारचंच काम आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच वेळी लुइझियानातल्या साध्या माणसांनी, मासेमारीच्या सपाट तळाच्या होड्या गाड्यांमागे जोडल्या आणि शहराकडे निघाले. 'केजन नेव्ही' हे नाव त्यांना पडलं. काहींना वाटेत अधिकाऱ्यांनी अडवलं, तरी बरेच जण आत शिरले आणि त्यांनी छपरांवरून, माळ्यांवरून माणसं उतरवली. इतर राज्यांतून मदतीला आलेले अग्निशामक जवान मात्र अटलांटात वर्गात बसून कार्यालयीन वर्तणुकीची व्याख्यानं ऐकत होते. दोन्ही चित्रं एकाच आठवड्यातली.

पाणी ओसरल्यावर खरं कष्टाचं काम सुरू झालं. मलिक रहीम या कार्यकर्त्यानं अल्जियर्स या न बुडालेल्या भागात 'कॉमन ग्राउंड' ही संस्था उभी केली, मोफत दवाखाना काढला. देशभरातून हजारो स्वयंसेवक आले. कॉलेजची मुलं सुट्टी समुद्रकिनाऱ्यावर घालवायची सोडून इथे आली. तोंडाला मास्क, हातात पहार. आतल्या भिंतींचे बुरशी धरलेले पत्रे लाकडी सांगाड्यापर्यंत उतरवायचे, कुजलेलं सामान बाहेर काढायचं, नासक्या अन्नानं भरलेले फ्रिज दार न उघडता चिकटपट्टीनं बांधून रस्त्याकडेला ठेवायचे. त्या ढिगात कुणाच्या लग्नाचा फोटो निघे, तो पुसून बाजूला ठेवायचा.

आपल्याकडूनही मदत गेली. भारतीय हवाई दलाचं आयएल-७६ विमान १३ सप्टेंबर २००५ रोजी २५ टन साहित्य घेऊन आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक तळावर उतरलं. त्याच्या दीड महिना आधी, २६ जुलैला, मुंबई स्वतः बुडाली होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. तेव्हाही अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं वाटली. आणि लगेच 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून कौतुक सुरू झालं. कौतुक खोटं नव्हतं. पण कौतुकाच्या आवाजात मिठी नदीचं काय झालं, हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज दबू नये, एवढंच.

न्यू ऑर्लिन्सचे लोक गप्प बसले नाहीत. बांध बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाला जून २००६ मध्ये आपल्या रचनेत दोष असल्याचं कबूल करावं लागलं. त्याच वर्षी संकटनिवारणाचा कायदा सुधारला गेला, आणि पाळीव प्राण्यांचाही विचार सुटकेच्या आराखड्यात करणं बंधनकारक झालं. सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नवी पूरसंरक्षक यंत्रणा उभी राहिली. २०२१ साली, नेमक्या २९ ऑगस्टलाच, आयडा हे वादळ आलं तेव्हा ती टिकली. सगळं मात्र मिळालं नाही. नुकसानभरपाईचा दावा २००८ साली न्यायालयानं फेटाळला. दोष अभियंता दलाचा, पण १९२८ च्या एका कायद्यानं सरकारला संरक्षण, असं निघालं. २००० साली ४ लाख ८४ हजार वस्ती असलेल्या शहरात २०१० साली ३ लाख ४४ हजार माणसं उरली होती. बरेच गरीब परत आलेच नाहीत.

होडी घेऊन धावणारा माणूस आणि जाब विचारणारा माणूस, हे एकमेकांचे विरोधक नव्हेत. पुष्कळदा तो एकच माणूस असतो. शेजाऱ्याला छपरावरून उतरवणं हे शेजाऱ्याचं काम, पण भिंत पक्की बांधणं शेजाऱ्याच्या हातात नसतं. पहिलं काम आपण केलं म्हणून दुसऱ्याचा हिशेब मागायचा हक्क संपत नाही.

न्यू ऑर्लिन्समधल्या काहींनी नंतर घर दुरुस्त केलं, सगळीकडे नवा रंग दिला, पण दारावरची ती फुली पुसली नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं ती पाहावी, वाचावी, म्हणून तशीच ठेवली.