सेलमधली एकेरी वाट

आपल्याकडे हातातल्या टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. खरी बॅटरी म्हणजे तिच्या पोटातले सेल. साध्या सेलचं बाहेरचं भांडं जस्ताचं असतं. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि नवसागराचा ओलसर लगदा. म्हणजे ‘कोरडा’ सेल आतून कोरडा नसतोच!

जस्ताला इलेक्ट्रॉन सोडून द्यायची ओढ, मँगनीज डायऑक्साइडला ते घ्यायची. पण आतल्या लगद्यातून फक्त आयन सरकतात. इलेक्ट्रॉनांना बाहेरून, तारेतून आणि बल्बमधूनच जावं लागतं. देणारा आणि घेणारा ठरलेला, म्हणून प्रवाहाची दिशाही ठरलेली. हाच एकदिश प्रवाह, डी.सी. घरातल्या विजेचा प्रवाह मात्र सेकंदाला १०० वेळा दिशा पालटतो.

सेल लहान असो वा जाडजूड, दाब साधारण १.५ व्होल्टच, कारण तो पदार्थांच्या जोडीवर ठरतो, आकारावर नाही. मोठ्यात माल जास्त, म्हणून तो टिकतो जास्त. आणि जस्ताचं भांडंच खर्ची पडत असल्यामुळे घड्याळात विसरलेला जुना सेल शेवटी पाझरतो.