'रोपण' की 'संधान'?

नाकावरील कर्करोगग्रस्त त्वचा छेदून काढल्यावर पडलेली पोकळी भरण्याकरिता पुष्कळदा कपाळाच्या त्वचेचा पट्टा खाली वळविण्यात येतो. यास सरसकट 'त्वचारोपण' म्हणणे योग्य नव्हे. रोपणात त्वचा मूळ जागेपासून पूर्णपणे सुटते. येथे तिचे भुवईजवळील टोक रक्तपुरवठ्यासाठी सुमारे तीन आठवडे जोडलेलेच ठेवावे लागते. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक सांधण्याचा विधी आहे, व तेथील 'संधान' हीच संज्ञा वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानाचे नाक पुण्यात १७९३ च्या सुमारास कपाळाच्या त्वचेनेच घडविण्यात आले. मेणाच्या पातळ पत्र्यावरून कपाळावर आकार आखला गेला. १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ही हकीकत छापली. शस्त्रवैद्याची जात तीत आहे, नाव नाही!

जोडलेल्या टोकास कोशकार 'वृंत' सुचवितील. परंतु आरशात चेहरा पाहून 'हा पट्टा आजच कापा' म्हणणाऱ्या सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याला 'देठ' म्हटले की पुरे. देठ खुडल्यावर पानाचे काय होते, हे त्याला सांगावे लागत नाही.