विश्लेषण : डोंगरातली सायकल मॅरेथॉन आणि वैशाखाचे ऊन, पारा किती यापेक्षा महत्त्वाचे काय?

अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, यात कुणाला नवल वाटत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत राज्यात सायकलस्वारांची संख्या वाढली, माउंटन बाइक आल्या आणि डांबरी रस्ता सोडून खडकाळ पायवाटांवर चार-पाच तास सायकल दामटण्याची हौसही वाढली. याच जिल्ह्यातील संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय स्तरावर पदके मिळवली आहेत. अशा शर्यतीत ऊन हा डोंगराइतकाच मोठा प्रतिस्पर्धी असतो. त्याचे मोजमाप कसे करायचे आणि शर्यत केव्हा थांबवायची, याविषयी.

ही शर्यत रस्त्यावरच्या शर्यतीपेक्षा वेगळी कशी?

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या (यूसीआय) नियमांनुसार क्रॉस-कंट्री मॅरेथॉन प्रकारात अंतर किमान ६० आणि कमाल १६० किलोमीटर असते. ऑलिम्पिकमधील क्रॉस-कंट्री शर्यत साधारण दीड तासात संपते. मॅरेथॉन कित्येक तास चालते. उन्हाच्या दृष्टीने खरा फरक मात्र वेगाचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या अंगावरून सतत वारा वाहतो आणि घाम वाळतो. डोंगराच्या चढावर हाच वेग ताशी ८-१० किलोमीटरवर येतो. श्रम जास्तीत जास्त आणि वारा जवळपास नाही, अशी ही अवस्था असते. डोक्यावर हेल्मेट आणि पाठीवर पाण्याची पिशवी असेल, तर घाम वाळण्याची जागाही कमी होते. त्यात दख्खनचा काळा बेसॉल्ट खडक. सकाळी दहानंतर वरून ऊन आणि खालून खडकाची धग अशा दोन्ही बाजूंनी अंग भाजते.

दुसरा फरक मदतीचा. ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघून वाळवंटात शिरते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ती जोडीने पूर्ण केली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. त्या शर्यतीत स्वारामागे स्वतःच्या माणसांची गाडी असते, गाडीत बर्फ असतो आणि स्वाराच्या बोलण्यात गडबड वाटली तर त्याला उतरवणारे कुणीतरी असते. माउंटन बाइक मॅरेथॉनमध्ये पाणी आणि मदत ठरलेल्या ठिकाणीच मिळते. दोन ठिकाणांच्या मध्ये, घळीत किंवा पठारावर, स्वार एकटा असतो आणि तिथवर रुग्णवाहिकेची चाके पोहोचत नाहीत.

शरीरात नेमके काय घडते?

हिशेब सोपा आहे, पण धडकी भरवणारा. सायकल चालवताना शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोहोचते, उरलेली उष्णता बनते. पॅडलवर २०० वॅटचा जोर लावणाऱ्या स्वाराच्या शरीरात त्यामुळे ६०० ते ८०० वॅट उष्णता तयार होत राहते. पाणी तापवायचा घरगुती रॉड हजार वॅटचा असतो, यावरून अंदाज यावा. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर ७० किलो वजनाच्या माणसाचे तापमान दर पाच ते सात मिनिटांना एक अंशाने वाढेल. म्हणजे ३७ अंशांवरून धोक्याच्या ४०.५ अंशांपर्यंत जायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. एवढा वेळ एका चढालाही लागतो.

हे घडत नाही ते घामामुळे. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर ती सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. हवा ४० अंशांच्या वर असेल तर त्वचेपेक्षा हवाच गरम असते. तेव्हा वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. घाम हाच एकमेव मार्ग उरतो. अशा श्रमात तासाला एक ते दीड लिटर घाम सहज जातो, काहींचा त्याहूनही अधिक. पोट मात्र तासाला साधारण लिटरभर पाणीच पुढे सरकवू शकते. पाणी कमी पडू लागले की रक्ताचे आकारमान घटते. तेच रक्त स्नायूंनाही हवे असते आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही. या ओढाताणीत हृदयाचे ठोके वाढत जातात.

नगरची कोरडी हवा इथे एक फसवणूक करते. मुंबईत घाम निथळतो, म्हणून तो जाणवतो. नगरकडे तो आल्याआल्या उडतो. अंग कोरडे असते, म्हणून ‘आज फारसा घाम नाही’ असे वाटते. खरा हिशेब जर्सीवर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा सांगतात, किंवा शर्यतीआधी आणि नंतर केलेले वजन.

मग पारा पाहून का ठरवता येत नाही?

हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून वर, हवेशीर पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. शर्यत सावलीत होत नाही. शिवाय पारा आर्द्रतेबद्दल काहीच सांगत नाही. महाराष्ट्राने याचा सर्वात वेदनादायी अनुभव १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये घेतला. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. जवळच्या केंद्रावर त्या दिवशीचे कमाल तापमान ३८ अंश नोंदले गेले होते. विदर्भ-मराठवाड्यात ज्या आकड्याकडे कुणी वळून पाहत नाही, तो हा आकडा. आणि ती माणसे बसलेली होती, चढावर सायकल चालवत नव्हती.

म्हणून खेळांमध्ये ‘वेट बल्ब ग्लोब तापमान’ वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात उष्माघाताचे रुग्ण वाढले, तेव्हा ही पद्धत पुढे आली. यात ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमानाला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. ज्या पाऱ्याची बातमी होते, त्याचा वाटा एक दशांश.

एक उदाहरण घेऊ. समजा, नगरच्या माळावर दुपारी ४१ अंश तापमान आहे, हवा अगदी कोरडी आहे, ओल्या कापडाचा तापमापक २३ आणि काळा गोळा ५५ दाखवतो. निर्देशांक येतो ३१.२. आता समजा कोकणात ३४ अंश आहेत, पण दमट हवेमुळे ओला तापमापक २८ आणि गोळा ४८ दाखवतो. निर्देशांक ३२.६. पारा सात अंश कमी असूनही कोकण जास्त धोक्याचे ठरले. पण नगरकरांनी यावरून निर्धास्त होऊ नये. यूसीआयने २०२४ मध्ये सायकल शर्यतींसाठी जी उष्णता नियमावली मंजूर केली, तिच्यात १५ च्या खाली पांढरा, मग हिरवा, पिवळा, २३ पासून नारिंगी आणि २८ पासून पुढे लाल टप्पा आहे. वरची दोन्ही ठिकाणे लाल टप्प्यात येतात. या नियमावलीत जादा पाणी-बर्फ, सुरुवातीच्या जागी सावली, वेळ बदलणे, अंतर कमी करणे आणि शेवटी शर्यत रद्द करणे असे पर्याय आहेत.

हे युरोपीय लाड नव्हेत. २०१८ च्या ‘टूर डाउन अंडर’मध्ये ऑस्ट्रेलियातही, जिथे उन्हाळा नवा नाही, एक टप्पा उष्णतेमुळे लहान करण्यात आला. २०१९ मध्ये दोह्यात जागतिक स्पर्धेची महिला मॅरेथॉन मध्यरात्री सुरू झाली, तरी ६८ पैकी २८ धावपटूंना ती पूर्ण करता आली नाही. ऊन नव्हते, पण हवा दमट होती.

पहाटे सुरुवात केली की प्रश्न मिटतो का?

अर्धाच मिटतो, आणि तोही चुकीच्या लोकांसाठी. ८० किलोमीटरची शर्यत पहाटे सहाला सुरू झाली असे धरा. विजेता साडेतीन तासांत, म्हणजे साडेनऊला सावलीत बसलेला असेल. ताशी १५ किलोमीटरने जाणारा हौशी स्वार मात्र साडेअकराच्या सुमारास पोहोचेल आणि शेवटचे त्याच्याही नंतर. म्हणजे ज्याची तयारी सर्वात कमी, तोच सर्वात जास्त वेळ आणि सर्वात वाईट उन्हात मार्गावर असतो. पोडियमवरचे चेहरे पाहून शर्यत सुरक्षित झाली असे ठरवणे त्यामुळे दिशाभूल करणारे आहे. प्रत्येक नाक्यावर वेळेची मर्यादा घालून मागच्यांना उतरवणे कटू असते. कुणी प्रवेश शुल्काचा दाखला देतो, कुणी ‘थोडेच राहिले’ म्हणतो. पण उन्हाळी शर्यतीत ही मर्यादाच सर्वात मोठे औषध आहे.

सरावाचेही तसेच. शरीर उष्णतेला सरावते, पण त्याला १० ते १४ दिवस उन्हात श्रम करावे लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते आणि रक्तद्रव वाढतो. आपल्याकडे मात्र उन्हाळाभर बहुतेक सायकलस्वार पहाटे पाचला निघून सातला घरी येतात. शहाणपणाचेच आहे ते. पण त्यांचे शरीर साडेदहाच्या उन्हाला सरावलेले नसते. ‘आम्ही नगरचे, आम्हाला उन्हाची सवय आहे’ या वाक्याचा अर्थ म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

पाण्याचा अतिरेकही वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी झालेले आढळले. नुसते पाणी ढोसत राहिल्याने हे होते. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत इथे महागड्या पुड्यांइतकेच कामाचे.

स्वाराला स्वतःला कळत नाही का?

हाच या विषयातला सर्वात अवघड भाग. श्रमजन्य उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि मेंदूचे काम बिघडते. चिडचिड, अडखळते बोलणे, चुकीच्या वाटेला वळणे ही पहिली लक्षणे. म्हणजे थांबायचे की नाही हे ज्या मेंदूने ठरवायचे, तोच आधी निकामी होतो. चढावर याचा परिणाम फक्त वेग मंदावण्यात दिसेल. पुढच्या उतारावर ब्रेक उशिरा लागेल.

घाम थांबणे ही उष्माघाताची खूण, असा समज अजून पक्का आहे. म्हातारी माणसे घरात उकाड्याने आजारी पडतात तेव्हा तसे दिसते. खेळाडू मात्र घामाने भिजलेला असतानाच कोसळू शकतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस लडखडत स्टेडियममध्ये आली आणि तिने मदतीला आलेल्यांना दूर राहायला खुणावले. तिला घाम येतो आहे हे पाहून तिला पुढे जाऊ दिले गेले. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. ती बचावली आणि ते चित्र जिद्दीचे प्रतीक म्हणून आजही दाखवले जाते. वैद्यकीयदृष्ट्या ते अनुकरणीय मुळीच नव्हते.

कोसळल्यास पहिले काम कोणते?

रुग्णालयाकडे पळवणे, हे सहज सुचणारे उत्तर इथे चुकते. आधी थंड करायचे, मग हलवायचे. अमेरिकेतील फाल्मथ येथील ११ किलोमीटरच्या उन्हाळी शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले आणि एकही दगावला नाही. तिथे अंतिम रेषेजवळच बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात. कोसळल्यापासून अर्ध्या तासात तापमान ४० अंशांखाली आणले, तर जवळपास प्रत्येक जण वाचतो.

डोंगरातल्या नाक्यावर टब नेणे शक्य नसेल, तर ताडपत्री चालते. चौघांनी तिच्या कडा धरून झोळी करायची, स्वाराला तीत निजवायचे, डोके वर राहील याची काळजी घ्यायची, गार पाणी आणि बर्फ ओतून ते सतत हलवत राहायचे. कपाळावर रोखायची तापमापक बंदूक इथे निरुपयोगी. वाऱ्याने आणि पाण्याने थंड झालेली त्वचा आतल्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवते. खरे तापमान गुदमार्गातूनच कळते, त्यासाठी नाक्यावर प्रशिक्षित माणूस आणि आडोशाला एक पडदा लागतो. तापमान ३९ अंशांच्या खाली आले की त्याला बाहेर काढायचे आणि त्यानंतर रुग्णवाहिकेत घालायचे.